ओंडक्यातून फळ्या किती निघतील? करवतीआधी मोबाइलवर करायचा हिशोब

जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाजवळच्या मढला आमचं घर आहे. पावसात बांधावरचा आंबा पडला आणि घरच्याच लाकडाचे दरवाजे करायचे असं ठरलं. कापून आणलं तर अपेक्षेच्या निम्म्याच फळ्या हाती आल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा दरवाजाही फुगून अडकला. दोन्ही चुका आमच्याच होत्या. तुम्ही त्या अशा टाळू शकता.

१. आधी परवानगी
आंबा, साग, हिरडा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असो किंवा वाऱ्याने पडलेलं, करवत लावण्याआधी वन विभागाकडे विचारा. लाकूड गाडीतून न्यायला वाहतूक पास लागू शकतो. त्यासाठीची नॅशनल ट्रान्झिट पास सिस्टीम २९ डिसेंबर २०२३ ला देशभरासाठी सुरू झाली. मोबाइलवरून अर्ज करता येतो आणि पासवर क्यूआर कोड असतो. सॉ मिललाही परवाना लागतो, म्हणून घरी यंत्र आणण्याचा विचार असेल तर तेही आधीच विचारा.

२. ओंडका मोजा
कॅमेऱ्याने मोजणारी ॲप्स गोल, खडबडीत ओंडक्यावर गडबडतात. साधा टेप घ्या. ओंडक्याच्या मध्यावर गोलाई मोजा आणि कॅल्क्युलेटर उघडा:

(गोलाई ÷ ४) × (गोलाई ÷ ४) × लांबी

गोलाई ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर उत्तर १० घनफूट. खरं आकारमान मात्र सुमारे १२.७ घनफूट असतं. म्हणजे कापताना होणारी घट या जुन्या सूत्रात थोडीफार आधीच धरलेली आहे, पण सगळी नाही.

३. भुसा किती जाईल?
याच ओंडक्यातून १० इंची चौरस तुकडा निघतो. त्याच्या १ इंची फळ्या करताना पात्याच्या जाडीइतकं लाकूड प्रत्येक कापाला भुसा होतं. बँड सॉचा काप ३ मिमी धरला तर ९ फळ्या मिळतात. चेनसॉचा काप ८ मिमी धरला तर फक्त ७. नऊ फळ्या म्हणजे सव्वासहा घनफूट, खऱ्या आकारमानाच्या जेमतेम निम्म्या. बाकी सालपट, कडा आणि भुसा. म्हणून दरवाज्याला लागणाऱ्या लाकडाच्या दुप्पट ओंडका हवा, असं धरून चाला.

४. सुकवण
आंब्याच्या ओल्या लाकडाला डाग आणि कीड लवकर लागते, त्यामुळे ओंडका पडून ठेवू नका. फळ्यांच्या दोन्ही टोकांना रंग लावा, नाहीतर तिथून चिरा पडतात. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थर रचा आणि वर वजन ठेवा. उघड्यावरच्या सुकवणीला ढोबळ नियम असा: १ इंच जाडीला साधारण एक वर्ष. आमच्याकडच्या पावसात तर घाई करूच नका.

सुकलं हे कसं ओळखायचं? फळीचा एक छोटा तुकडा त्याच थरात ठेवा. दर रविवारी किचनच्या काट्यावर त्याचं वजन करून मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. सलग काही आठवडे आकडा हलला नाही की मगच सुताराला फोन करा. आम्ही हा फोन तीन महिन्यांतच केला होता. तो दरवाजा आता दुसऱ्यांदा रंधायचा आहे.