दात मात्र बॅकलॉगमध्येच

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातलं गाव, कोल्हापूरच्या विमानतळाजवळचं. अशा गावात आज बाईला दिवस गेले की नाव कुठे घालायचं, बाळाचा डोस कधी, हे सांगायला आशाताई घरी येते. पण त्याच बाईची दाढ ठणकायला लागली तर? बहुतेक गावांत सरकारी उत्तर एकच, शहर गाठा! हे असं का झालं, यासाठी जरा मागं जावं लागतं.

कोल्हापूरची सुरुवात तशी लवकरची. कृष्णाबाई केळवकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात (म्हणजे आजचं सीपीआर) बायकांचा विभाग सांभाळू लागल्या. शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणाला थेट डब्लिनला पाठवलं. तेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला! पण हॉस्पिटल शहरात होतं. खेड्यातलं बाळंतपण सुईणीच्याच हाती.

मग १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. त्यातले आकडे वाचून मी हबकलोच. हजार बाळंतपणांमागे अंदाजे २० बाया दगावत. अख्ख्या देशात प्रशिक्षित सुईणी ५,००० आणि दंतवैद्य फक्त १,०००! समितीने ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं, त्यात ४ सुईणी आणि ४ प्रशिक्षित दाया. त्या केंद्राच्या यादीत दंतवैद्य नव्हता. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्या रिलीजमधूनच तो वगळला गेला.

पुढचा प्रवास पटकन सांगतो. १९५२ पासून आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला. १९७५ ला अंगणवाडी, १९८५ ला सार्वत्रिक लसीकरण, २००५ ला आशा. प्रत्येक वेळी एक बाई वाढली, एक रजिस्टर वाढलं. कोण गरोदर आहे, कुणाचा डोस चुकला, कुणाचं वजन भरत नाही, सगळं लिहिलेलं. चुकलं तर विचारणारं कुणीतरी वर बसलेलं. महाराष्ट्रात २०१८-२० मध्ये मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ होतं. भोर समितीच्या काळचा देशाचा आकडा याच हिशेबात मांडला तर २,०००!

आता दातांकडे या. दात किडून सहसा कुणी मरत नाही, म्हणून ते मोजले गेले नाहीत, असं माझं मत. दुसरं कारण साधं आहे. लस थंड पेटीतून गावात नेता येते. दाताच्या डॉक्टरला मात्र खुर्ची, कॉम्प्रेसर, पाणी आणि न जाणारी वीज लागते. २०१२ च्या सरकारी मानकांतही दंतवैद्याचं पद आलं ते वरच्या सामुदायिक केंद्रात, गावाजवळच्या प्राथमिक केंद्रात नाही.

अगदीच काही झालं नाही असंही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांना तपासतात, त्यात किडलेले दातही येतात. २०१८ पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत तोंडाचं आरोग्य आहे. पण तपासणं वेगळं आणि दाढ भरणं वेगळं. 'पुढे पाठवले' असं लिहिल्यावर ते पोर खुर्चीपर्यंत पोचलं का, हा खरा प्रश्न. एक दिवसाची मजुरी बुडवून दुधाच्या दातासाठी कोण जाणार? 'पडणारच आहेत की' म्हणून गप्प बसतात. पोर मात्र दुखतं म्हणून नीट जेवत नाही, आणि अंगणवाडीच्या रजिस्टरात त्याचं वजन कमी दिसतं.

आणि हो, फक्त खेड्यालाच नावं ठेवायला नकोत. 'पोटुशी असताना दातांना हात लावायचा नाही' हे आपल्या पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही ऐकू येतं. खरं तर गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, आणि मधले तीन महिने उपचाराला सगळ्यात सोयीचे असतात.

म्हणून मला वाटतं, गडमुडशिंगीसारख्या गावाला नवी योजना नकोय. पाठवलेलं पोर उपचार होऊन परत आलं की नाही, एवढा एक रकाना रजिस्टरात हवा. आई आणि बाळ वाचले ते अशाच रकान्यांनी.

असो. तूर्तास इतकंच.