इकडील सर्व कुशल

पूर्वी पत्राच्या पहिल्याच ओळीत 'इकडील सर्व कुशल' असं लिहायची पद्धत होती, आणि मग खाली दोन पानं आजारपणं, कोर्टकज्जे आणि पैशांची ओढाताण असे. त्या 'कुशल'चा अर्थ निदान 'जिवंत आहोत' इतका तरी होता. आता पत्रंच गेली. कुशल हा शब्द तिथून उठला तो थेट परदेशच्या व्हिसाच्या अर्जात जाऊन बसला. तिथं त्याचा अर्थ 'तिकडच्यांच्या उपयोगाचा' असा होतो.

मला या विषयात लक्ष घालायचं काही कारण नव्हतं. मी डोंबिवलीच्या एका बँकेत कारकून. (हल्ली आम्हांला कारकून म्हणत नाहीत, काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलंय. पगार कारकुनाचाच आहे.) पण गेली काही वर्षं माझ्या खिडकीशी पंचवीस-तिशीची मुलं येतात आणि म्हणतात, "काका, सहा महिन्यांच्या सरासरी शिलकेचं पत्र हवं. लेटरहेडवर. कॅनडासाठी." अर्ज तिकडचा, शिक्का आमचा. शंभरेक शिक्के मारल्यावर मला वाटलं, ही भानगड सुरू कधी झाली ते तरी पाहावं. दुसरा आणि चौथा शनिवार बँकेला सुट्टी असते. त्या शनिवारांची ही कमाई आहे.

आमच्या शेजारच्या कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. व्हिसा नाही, कारण व्हिसा नावाची चीजच तिथं तेव्हा मागत नसत. आदल्याच वर्षी, म्हणजे १८८२ साली, अमेरिकेनं एक कायदा केला होता. त्यात गुन्हेगार, वेडे आणि स्वतःचं पोट स्वतः भरू न शकणारे यांना मज्जाव होता आणि येणाऱ्या परक्या उतारूमागे पन्नास सेंट कर होता. बस. बाईंची परीक्षा घेतली ती अमेरिकेनं नव्हे, इकडच्यांनी. समुद्र ओलांडायचा की नाही, ख्रिस्ती होऊन येणार का, डॉक्टर कशाला व्हायचंय! या प्रश्नांची उत्तरं त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरला जाहीर भाषण करून दिली. असली मुलाखत आजच्या कॉन्सुलेटमध्येसुद्धा होत नसेल.

पण त्याच १८८२ साली अमेरिकेनं दुसराही एक कायदा केला, चिनी मजुरांना बंदी करणारा. आणि त्यात मजूर म्हणजे कोण याची व्याख्या काय, तर 'कुशल आणि अकुशल दोन्ही'! म्हणजे आज ज्या शब्दासाठी आमची पोरं रात्र-रात्र जागतात, तो त्या कायद्यात आला तो कुशल माणसालाही बाहेर ठेवण्यासाठी. पुढे १८८५ मध्ये त्यांनी आणखी गंमत केली. परदेशातून आधीच नोकरी ठरवून येणं हाच गुन्हा ठरवला. नट, गवई, व्याख्याते, घरगडी आणि एखाद्या नव्या धंद्याचे कसबी कारागीर एवढ्यांना सूट. बाकीच्या उतारूनं बंदरावर "मला इथं नोकरी लागलीय हो" असं आनंदानं सांगितलं की त्याला परतीची बोट. ही नोकरीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

यानंतरचा प्रकार म्हणजे श्रुतलेखन. १८९७ च्या जानेवारीत गांधीजी दर्बानला उतरले. त्याआधी सुमारे तीन आठवडे त्यांची बोट क्वारंटाइनच्या नावाखाली बंदराबाहेर अडकवून ठेवली होती. त्याच वर्षी नाताळ सरकारनं कायदा केला, की येणाऱ्यानं एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. 'हिंदी माणूस नको' असं कागदावर कुठंच लिहायचं नाही. कारण हिंदी माणूसही ब्रिटिश प्रजाच, लंडनला वाईट दिसेल. लंडनच्या वसाहतमंत्र्यांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी ती इतर वसाहतींनाही सुचवली.

ऑस्ट्रेलियानं ती १९०१ मध्ये उचलली आणि तिच्यावर कळस चढवला. पन्नास शब्दांचा उतारा अधिकारी वाचणार, तुम्ही लिहायचा. भाषा कोणती? कोणतीही युरोपीय. ती निवडणार कोण? अधिकारी. तुम्हाला इंग्रजी फर्डं येतं असं दिसलं की तो दुसरी काढणार. पुढे १९०५ साली 'युरोपीय' हा शब्दही काढून टाकला आणि 'ठरवून दिलेली कोणतीही भाषा' असं केलं. १९०९ नंतर या परीक्षेत एकही माणूस पास झाला नाही. आमच्या खात्याच्या बढतीच्या परीक्षांबद्दल मी पुष्कळ तक्रारी ऐकल्या आहेत, पण शून्य टक्के निकाल तिथंही कधी लागला नाही.

एगॉन किश नावाचा प्रागचा पत्रकार १९३४ साली ऑस्ट्रेलियात व्याख्यानांना निघाला. तो नाझींच्या विरोधातला आणि कम्युनिस्ट, म्हणून सरकारला नको होता. मेलबर्नला उतरू देईनात, तेव्हा या पठ्ठ्यानं बोटीवरून धक्क्यावर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. तशा मोडक्या पायानिशी त्याला सिडनीला नेला. गडी बऱ्याच भाषा जाणणारा, म्हणून त्याला श्रुतलेखन दिलं ते स्कॉटिश गेलिकमध्ये! अर्थातच नापास. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि न्यायमूर्तींनी निकाल दिला, की या कायद्याच्या अर्थानं स्कॉटिश गेलिक ही भाषाच धरता येत नाही. स्कॉटलंडच्या लोकांना काय वाटलं असेल ते असो. किश सुटला, त्यानं सभा गाजवल्या. ही परीक्षा मात्र १९५८ पर्यंत चालू राहिली.

कॅनडानं भाषेची भानगड ठेवली नाही, तिकिटाची ठेवली. १९०८ चा नियम: मायदेशातून निघून, मध्ये कुठं न थांबता, एकाच तिकिटावर सरळ आलात तरच आत. आणि असं थेट तिकीट हिंदुस्थानात विकू नका, हे बोट कंपनीला आधीच सांगून ठेवलेलं! शिवाय खिशात दोनशे डॉलर दाखवायचे. म्हणजे 'मिनिमम बॅलन्स'ची अट आमच्या बँकेनं काढली असा लोकांचा समज आहे, तो खरा नाही.

या नियमाला आव्हान द्यायला गुरदित्तसिंगांनी 'कोमागाटा मारू' ही जपानी बोट भाड्यानं घेतली. १९१४ च्या मे महिन्यात ती ३७६ उतारू घेऊन व्हँकुव्हरला पोचली. दोन महिने बंदरात उभी होती. पंचवीसच्या आतबाहेर माणसांना उतरू दिलं, बाकीच्यांना किनारा नुसता दिसत होता. जुलैत बोट परत फिरली, आणि सप्टेंबरात कलकत्त्याजवळ बजबजला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वीसेक माणसं गेली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी याची संसदेत माफी मागितली २०१६ साली. एकशे दोन वर्षांनी. इथं विनोद करायला मला काही सुचलं नाही.

अमेरिकेनंही १९१७ मध्ये जवळजवळ सगळ्या आशियाभोवती रेघ ओढून दार लावलं. १९४६ मध्ये ते किलकिलं केलं: हिंदुस्थानला वर्षाला शंभर जागा. चाळीस कोटींच्या देशाला शंभर! आमच्या गल्लीच्या गणपतीच्या प्रसादाचे द्रोणसुद्धा याहून जास्त असतात. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं, आणि मग आपले डॉक्टर, इंजिनिअर निघाले. ब्रिटननं १९६२ मध्ये अ, ब, क अशी व्हाउचरं काढली होती. नोकरी ठरलेल्याला अ, हातात कसब असलेल्याला ब, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला क.

आता येतो आमच्या आवडीचा भाग. १९६७ साली कॅनडानं गुणपद्धत काढली. वंश, वर्ण, देश काही पाहायचं नाही, शंभरपैकी गुण द्यायचे आणि पन्नास मिळाले की पास. कॅनडाला वाटलं आपण काहीतरी नवीन केलं. अहो, आमच्याकडे छत्तीस गुणांची पत्रिका पूर्वापार आहे आणि तिथंही निम्मे, म्हणजे अठरा जुळले की काम झालं! शिक्षणाला वीस, वर्षाला एक याप्रमाणे. वयाला दहा, भाषेला दहा, ठरलेल्या नोकरीला दहा, धंद्याच्या मागणीला पंधरा. आणि आणखी पंधरा गुण कशाला, तर अधिकाऱ्यानं समोर बसवून माणूस एकंदर कसा वाटतो ते ठरवायचं. म्हणजे कांदेपोहेसुद्धा होतेच. तरी श्रुतलेखनाच्या मानानं हा केवढा न्याय! प्रश्नपत्रिका आधी कळते, आणि ती सगळ्यांना एकच असते. मी तर म्हणेन, दाराशी उभ्या असलेल्या माणसाशी कॅनडा पहिल्यांदा हिशेबानं बोललं. पुढे १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियानंही गुण मोजायला घेतले.

बी.कॉम. माणसाला यातलं वयाचं कलम फार भावतं. १९६७ मध्ये पस्तिशीपर्यंत दहापैकी दहा, पुढे दर वर्षी एक वजा. हल्लीच्या बाराशे गुणांच्या पद्धतीत लग्न झालेल्या माणसाला चाळिसाव्या वर्षी पंचेचाळीस, एक्केचाळिसाव्या वर्षी पस्तीस, मग पंचवीस, पंधरा, पाच. आणि पंचेचाळिशीला शून्य. याला आमच्या पुस्तकात सरळ रेषेतला घसारा म्हणतात. खुर्च्या, टेबलं, टाइपरायटर यांना लावतात. मी आज त्रेचाळीस वर्षांचा आहे, म्हणजे माझी पुस्तकी किंमत पंधरा. हे मी घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, "इतकी?"

भाषेचंही तेच. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. दोन वर्षांनी इंग्रजी आटतं, औषधासारखी त्याची मुदत संपते. एम.ए. इंग्लिश झालेल्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई आमच्या खातेदार आहेत. त्यांनी ती परीक्षा तीनदा दिली, तिन्ही वेळा उत्तम गुण. रांग लांब होती, तिला इंग्रजी काय करणार!

रांगेचा इतिहास स्वतंत्र आहे. कॅनडाकडे कुशल माणसांचे इतके अर्ज तुंबले, की २०१२ मध्ये त्यांनी कायदाच केला: २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी आलेले आणि अजून निकाल न लागलेले अर्ज बंद. सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसांची प्रकरणं. त्यांतली कित्येक माणसं सहा-सात वर्षं वाट पाहत होती. त्या भरवशावर कुणी घर घेतलं नाही, कुणी बढती नाकारली, कुणी लग्न लांबवलं. फी परत मिळाली, बिनव्याजी. आणि वयाचा घसारा तर मधल्या काळात चालूच होता. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं एच-वन-बीला पासष्ट हजारांची मर्यादा घातली. २००७ च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांत लाखावर अर्ज आले, तेव्हा संगणकानं सोडत काढली. शिक्षण, अनुभव, कौशल्य सगळं तपासायचं, आणि शेवटी म्हाडाच्या घरासारखी चिठ्ठी!

आणि ती नोकरी? १८८५ मध्ये अमेरिकेत गुन्हा असलेली ठरलेली नोकरी कॅनडात १९६७ ला शंभरात दहा गुणांची झाली. २०१५ च्या जानेवारीत नवी पद्धत आली, तेव्हा बाराशेत सहाशे. म्हणजे नोकरी असली की तुमचं तिकीट निघाल्यातच जमा. २०१६ च्या नोव्हेंबरात सहाशेचे पन्नास, फार मोठ्या हुद्द्याला दोनशे. आणि २५ मार्च २०२५ पासून शून्य, कारण खोट्या नोकऱ्यांची पत्रं विकली जायला लागली होती. नोकरी तीच, माणूस तोच, कौशल्यही तेच. शेअरबाजारातसुद्धा भाव इतके वरखाली होत नाहीत.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. वय सत्तावीस, म्हणजे घसारा अजून सुरू झालेला नाही. त्याचा कॅनडाचा अर्ज जमत आलाय. तिकडे गेल्यावर हातात पुरेसे पैसे आहेत हे दाखवायचं असतं, आपल्या रुपयांत दहा लाखांच्या आसपास. उसने चालत नाहीत. आईवडिलांनी दिले तर तशा बक्षीसपत्राचा कागद लागतो. भाऊजी गेल्यापासून अक्का एकटीच असते. त्यांच्या फंडाचे पैसे आमच्याच शाखेत मुदतठेवीत होते. ती परवा भाच्याला घेऊन बँकेत आली. अर्जाची छापील प्रत तिनं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"यात नातेवाइकांचे पण गुण आहेत की रे."

"ते तिकडे असलेल्या नातेवाइकांचे, अक्का. भाऊ-बहीण असेल तिकडे, तर पंधरा."

"आणि इकडे असलेल्यांचे?"

"तो रकाना नाही."

"बरं," म्हणाली, आणि पर्समधून ठेवीची पावती काढली. मुदत पुरी व्हायला चौदा महिने होते. आधी मोडली तर व्याज कमी मिळतं, हे खातेदाराला सांगणं आमच्यावर बंधनकारक आहे. म्हणून मी तिला ते सांगितलं, रक्कमही काढून दाखवली.

"ते मला माहीत आहे," अक्का म्हणाली. "सही कुठं करू?"