साहेबाच्या नात्यातला नसलेला बॉस

फ्रेंचमध्ये ‘बॉस’ म्हणजे टेंगूळ. चौकटीवर डोके आपटले की कपाळावर उठते ते बॉस, उंटाच्या पाठीवरचा उंचवटाही बॉस, आणि कुबड आलेला माणूस ‘बॉस्यू’. कचेरीतल्या बॉसशी याचे काही नाते नाही, कुणाला कितीही तसे वाटो! तो आला डच ‘बास’वरून, म्हणजे धनी. अमेरिकेतल्या गोऱ्या कामगारांना ‘मास्टर’ म्हणताना गुलामगिरीची आठवण होई, म्हणून त्यांना डचांचा शब्द बरा वाटला.

टेंगळाचा शब्द मध्ययुगात इंग्लंडला पोचला तो दोन रूपांनी. एक ‘बॉच’, म्हणजे गळू. १६११ च्या इंग्रजी बायबलात, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, आज्ञा मोडणाऱ्यांना मिसरी ‘बॉच’ची धमकी आहे. या अर्थाने तो शब्द आता कुणी वापरत नाही.

दुसरे रूप ‘बॉस’. ते कारागिरांच्या हाती लागले आणि त्याचे नशीब पालटले.

जुन्या युरोपीय ढालीला मधोमध भोक असे. मूठ तिथेच धरायची, म्हणून बोटे वाचवायला बाहेरून लोखंडी घुमट ठोकत. तो घुमट म्हणजे बॉस. मराठा काळातल्या कातडी ढालींवर चार फुगीर धातूची फुले दिसतात. मागच्या मुठीच्या कड्या त्यांच्याच आधाराने पक्क्या होत. इंग्रज अभ्यासक त्यांनाही बॉसच म्हणतात.

पण या शब्दाचा खरा थाट चर्चच्या छतात. दगडी कमानींच्या फासळ्या वर एकत्र येतात तिथे सगळ्यांचे कोन नेमके जुळवणे अवघड. मग त्या सांध्यावर एक जाड दगड बसवायचा आणि त्यावर कोरीवकाम करायचे. अडचण झाकली जाते, शोभाही येते. नॉरिच कॅथीड्रलमध्ये असे हजाराहून अधिक बॉस आहेत. १४६३ मध्ये तिथले लाकडी छत जळाले आणि त्याजागी दगडी छत आले. त्याच्या बॉसवर बायबलची कथा क्रमाने कोरली आहे. नोहाचे तारू आहे, तांबड्या समुद्रात बुडणारा फारो आहे. हे सगळे इतक्या उंचावर, की खालून बघणाऱ्याची मान मोडावी. पाथरवटांनी तरीही हात आखडता घेतलेला नाही.

याच मुळातून ‘एम्बॉस’ निघाला. लग्नपत्रिकेवर बोटाला लागणारा गणपती, नोटरीचा उठावाचा शिक्का, जुन्या क्रेडिट कार्डावरचे उंच आकडे, ही सगळी टेंगळेच. कारखान्यात ओतीव भागावर बोल्टाच्या भोकासाठी ठेवलेला गोल उंचवटा बॉस, आणि आफ्रिकी रेड्याच्या कपाळावर शिंगे जिथे एकमेकांना भिडतात तो जाड भागही बॉस.

एक अर्थ मात्र इंग्रजांनी या शब्दाबरोबर घेतला नाही. फ्रान्झ योझेफ गाल (१७५८–१८२८) या वैद्याचा दावा होता, की कवटीवरचे उंचवटे चाचपून माणसाचे गुण ओळखता येतात. शास्त्र खोटे ठरले, तरी गणितात हुशार मुलाला गणिताचे टेंगूळ आहे, असे फ्रेंच लोक अजून म्हणतात. मेंदूशास्त्रज्ञ स्टानिस्लास दहेन याने १९९७ साली आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले, ‘ला बॉस दे मात’. इंग्रजी आवृत्ती निघाली ती ‘द नंबर सेन्स’ या नावाने.