राहुटी, डेरा आणि छावणी : छत्तीसगडातल्या मराठ्यांचं कापडी घर

रायपूरच्या शंकर नगरात लग्नसराईत एक देखावा हमखास दिसतो. टेंट हाऊसची गाडी येते, चार-सहा माणसं उतरतात आणि दोन-तीन तासांत मोकळ्या जागेवर महाल उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तिथे फक्त मेखांची भोकं उरतात. आपण मराठी माणसं या मुलखात पहिल्यांदा मोठ्या संख्येने आलो ते अशीच भोकं पाडत आलो. आजचा विषय तोच आहे. लढायांबद्दल पुष्कळ बोलून झालंय. त्या फौजा राहत कशात होत्या?

आधी शब्द नीट लावून घेऊ. पाल म्हणजे सगळ्यात साधं: दोन हलके खांब आणि त्यावरून दोन्ही बाजूंना उतरतं कापड. बाजारबुणगे, नोकरचाकर यात राहायचे. राहुटी त्याहून बरी. १८०९ साली शिंद्यांच्या लष्कराबरोबर राहिलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने तिचं वर्णन केलंय. कापडाच्या दोन-तीन घड्या, एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला वाऱ्यापावसासाठी झडप. डेरा हा सरदाराचा. तो मोठा, दुहेरी कापडाचा, आणि भोवती कनाती. वरचं कापड तापतं, मधल्या पोकळीतली हवा ती धग अडवते, म्हणून आतलं अस्तर त्या मानाने थंड राहतं.

डेरा उभा करणं हे फरासांचं काम. पुण्यात फरासखाना म्हटलं की आपल्याला पोलीस चौकी आठवते, पण मुळात ते तंबू, कनाती आणि बिछायती सांभाळणारं खातं. खांब उभे करायचे, तणावे चारी बाजूंनी सारखे ओढायचे, मेखा बाहेरच्या बाजूला कलत्या ठोकायच्या. सगळी मेख तणाव्यात आहे, म्हटलं तरी चालेल. सुती किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो. संध्याकाळी आभाळ भरून आलं की तणावे सैल करायचे. नाहीतर रात्री मेख उपटते किंवा कापड फाटतं. भोवती चर खणायचा. आणि पाऊस सुरू असताना कापडाला आतून हात लावायचा नाही, कारण हात लागला की तिथूनच गळतं.

मोगलांचा थाट वेगळा. अबुल फज़लने लिहून ठेवलंय की बादशहाच्या मोठ्या बारगाहेत दहा हजारांहून जास्त माणसं मावत आणि ती उभारायला हजार फरासांना आठवडा लागे. म्हणून डेऱ्यांचे दोन जोड असत. एकात बादशहा, दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना. आपल्याकडे १६८९ सालची गोष्ट सांगतात, संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या डेऱ्याचे तणावे तोडून सोन्याचे कळस नेले. तपशिलाबद्दल वाद घाला हवं तर, पण तंबू कुठे दुबळा असतो हे ती गोष्ट सांगणाऱ्याला नक्की ठाऊक होतं.

आता छत्तीसगड. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपूरवर आले. तिथला हैहयवंशी राजा रघुनाथसिंह वृद्ध होता, पुत्रशोकात होता. प्रतिकार जेमतेम झाला. फौज पुढे बंगालकडे गेली. तिथल्या खेड्यांनी काय भोगलं ते बंगाली आया आजही मुलांना झोपवताना सांगतात. आपण ते झाकून ठेवू नये. १७४२ च्या पावसाळ्यात भास्कररामांचा तळ काटव्याला होता, तिथेच त्यांनी दुर्गापूजा मांडली. अलिवर्दीखानाने त्या दिवसांत अचानक छापा घातला आणि तळावरचं सामानसुमान टाकून फौजेला निघावं लागलं.

शेवट तर डेऱ्यातच झाला. मार्च १७४४, मानकरा. तहाच्या बोलण्यासाठी अलिवर्दीने मोठा डेरा उभारला, कनातींच्या आड हत्यारबंद माणसं दडवली. भास्करराम आणि वीसहून अधिक सरदार आत गेले ते परत आले नाहीत. मागे तळावर थांबलेले रघूजी गायकवाड तेवढे वाचले आणि उरलेली फौज त्यांनी घरी आणली. प्रतापगडच्या शामियान्याची गोष्ट ज्यांना पाठ होती, त्यांनी त्या कनातीमागे डोकावून का पाहिलं नाही, हा प्रश्न मला कधी सुटला नाही.

छावणी हा शब्दही पाहा. छावणे म्हणजे शाकारणे, गवताने छप्पर घालणे. पावसाळ्यात कापड कुजतं, म्हणून फौज एका जागी थांबून झोपड्या शाकारायची. ती छावणी. डेरा फिरता, छावणी चार महिन्यांची. छत्तीसगडच्या पावसात हा फरक चैनीचा नव्हता.

१७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपूरला आले आणि तिथेच राहिले. १७८७ मध्ये मरेपर्यंत. रामटेकडीवर राममंदिर बांधलं, दरबार भरवला. त्यांच्यानंतर व्यंकोजी भोसल्यांच्या नावावर मुलूख आला. ते नागपुरातून सुभेदारांकरवी कारभार पाहू लागले. वसुली इथली, मुक्काम तिकडे. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट या वाटेने गेला तेव्हा रायपुरात त्याने तीनेक हजार झोपड्या मोजल्या, रतनपूर मागे पडलं होतं. इंग्रजांनी सुभेदारी अमलाला फार वाईट म्हटलं. त्यात त्यांचा स्वार्थ होताच. तरी माझं मत त्यांच्या बाजूला झुकतं. बिंबाजींना या मुलखात घर होतं, व्यंकोजींचा इथे फक्त डेरा पडायचा, आणि रयतेला हा फरक पहिल्याच हंगामात कळला असणार.

१८१८ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. फौजा गेल्या. कारकून, पुजारी, जमिनीचे कागद सांभाळणारे काही मागे राहिले. पुढे रेल्वेने आणि सरकारी नोकऱ्यांनी नवे आणले. शंकर नगरात आज मराठी ऐकू येते ती बहुतेक या नंतर आलेल्यांची. रतनपूरला मात्र एकदा जाऊन या. रामटेकडी चढा. बिंबाजींनी बांधलेलं तिथे अजून उभं आहे.