होडीचे यंत्र आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

वाचकहो, कोकणच्या खाडीत होडीच्या मागच्या टोकाला टांगलेले, भरभर आवाज करणारे यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. हे यंत्र भर पाण्यात बंद पडले म्हणजे काय होते, हे कोळ्याला विचारावे! बैलगाडीचा आंस मोडला तर माणूस पायी घरी येतो. पाण्यात तशी सोय नाही. म्हणून या धंद्यात भांडवलापेक्षाही विश्वास मोठा.

या धंद्याला बरकत आली ती अमेरिकेत. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने १९०९ साली मिलवॉकी शहरात आपली यंत्रे विकण्यास सुरुवात केली. १९२९ साली त्याच्या व आणखी काही कारखान्यांच्या एकत्रीकरणातून जी कंपनी उभी राहिली, तीच पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन म्हणून प्रसिद्धीस आली. तिचा प्रतिस्पर्धी मर्क्युरी. त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९३९ साली कार्ल कीकहेफर याने एक बुडीत कारखाना घेतला. तेथे गिऱ्हाइकाने नाकारलेली सुमारे ३०० सदोष यंत्रे पडून होती. त्याने ती दुरुस्त करून दिली आणि त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा मागणी केली. दोष निस्तरण्यातून एक घराणे उभे राहिले ते असे.

आता थोडे यंत्राविषयी. जुनी टू-स्ट्रोक यंत्रे हलकी आणि जोरकस, पण खर्चिक. जळालेला वायू बाहेर घालवताना ताजे इंधनही त्याच्याबरोबर निसटायचे. पाव हिश्शाहून अधिक इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जाई. १९९६ साली अमेरिकन सरकारने नियम केला की, १९९८ पासून टप्प्याटप्प्याने २००६ पर्यंत नव्या यंत्रांतील ही घाण सुमारे पाऊणपटीने कमी झाली पाहिजे.

उपाय काय? बाहेरची वाट बंद झाल्यावरच इंधन आत फवारायचे. ऐकायला सोपे, नाही का? पण गुरुजींनी मुलांना हे गणित घालून पाहावे: यंत्र मिनिटाला ६,००० फेरे घेते, तर एका फेऱ्याला वेळ किती? सेकंदाचा शंभरावा भाग! फवारणी त्याच्याही एका लहानशा अंशात उरकायची.

मर्क्युरीने एका ऑस्ट्रेलियन कंपनीची, दाबलेल्या हवेच्या साह्याने फवारण्याची रीत घेतली. आउटबोर्ड मरीनने फिख्ट नावाची जर्मन रीत घेतली. तीत विद्युतचुंबकाने दट्ट्याला ठोका देऊन इंधन फवारले जाई. कल्पना उत्तम होती. १९९६ साली ही यंत्रे बाजारात आली आणि लवकरच तक्रारी सुरू झाल्या. कुठे स्पार्क प्लगवर काजळी धरे, कुठे पिस्टनच निकामी होई. मर्क्युरीच्या नव्या यंत्रांनाही सुरुवातीला खोडी होत्याच. तिकडे होंडा १९६४ पासून फोर-स्ट्रोक यंत्रे करीत होती. यामाहा आणि सुझुकीही पुढे सरसावल्या. फोर-स्ट्रोक यंत्र वजनाला जड, पण शांत आणि भरवशाचे. गिऱ्हाईक तिकडे वळू लागले.

आउटबोर्ड मरीनने सुधारणा केल्या, सदोष यंत्रे दुरुस्तही करून दिली. पण दुरुस्तीचा खर्च, अंगावरचे कर्ज आणि घटलेली विक्री यांचा मेळ बसेना. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले आणि हजारो कामगार बेकार झाले. केवळ एका फवाऱ्याने कंपनी बुडवली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिचे नाव मात्र त्यानेच बुडवले.

गंमत पुढेच आहे. २००१ साली बाँबार्डिए या कॅनडाच्या कंपनीने हा इंजिनांचा धंदा विकत घेतला, त्याच कल्पनेवर चिकाटीने काम केले आणि २००३ साली ई-टेक नावाची चांगली यंत्रे बाहेर काढली. म्हणजे कल्पना खोटी नव्हती, ती पिकण्याआधीच तोडली होती. तरी हातचे गेलेले गिऱ्हाईक पुरते परतले नाही. अखेर २०२० साली महामारीच्या तडाख्यात एव्हिनरूड यंत्रांचे उत्पादन कायमचे थांबले.

नवे यंत्र घ्यायला भिऊ नये, हे खरेच. पण ते विकणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे: यंत्राची परीक्षा आपल्या कारखान्यात व्हावी, गिऱ्हाइकाच्या होडीत नव्हे. यंत्राचा सुटा भाग बदलून मिळतो. विश्वासाचा सुटा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही.