समुद्राच्या तळाशी वसईचे नाव

उमेळ्याच्या खाजणात माझ्या वडिलांनी आयुष्यभर मीठ पिकवले. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवत दाट करायचे आणि मग उन्हाच्या हवाली करायचे. मी समुद्रावरच पोट भरले, पण त्याच्या तळाखालच्या दगडावर. 1981 साली बाविसाव्या वर्षी मी एका कंत्राटदाराकडे लागलो आणि पस्तीस वर्षे तेल-वायूच्या विहिरींवर काम केले. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. पहाटे नायगावहून लोकल धरायची, विलेपार्ल्याला उतरून जुहूचा विमानतळ गाठायचा आणि तिथून हेलिकॉप्टर.

त्या पस्तीस वर्षांतली एक गोष्ट गावातल्या मुलांना सांगायची राहून गेली, ती इथे लिहितो.

अरबी समुद्रात तेलाचा शोध सुरू झाला तो 1960च्या दशकात. त्याआधी 1956 साली ओएनजीसी स्थापन झाली होती आणि खंबात व अंकलेश्वरला जमिनीवर तेल लागले होते. जमिनीखालचा हा तेलाचा खडक पुढे समुद्राखाली जातो का, हे पाहण्यासाठी 1964 मध्ये सोव्हिएत जहाजावरून पाण्यात धक्के देऊन त्यांचे पडसाद मोजले गेले. त्या मोजणीत मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर तळाखाली एक मोठा उंचवटा दिसला. पण तिथे विहीर खणायला देशाकडे साधन नव्हते. ‘सागर सम्राट’ हे जहाज जपानमध्ये बांधून घ्यावे लागले. पाय तळावर रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलणारे ते जहाज. फेब्रुवारी 1974 मध्ये त्याने त्या उंचवट्यावर, म्हणजे बॉम्बे हाय किंवा आजच्या मुंबई हायवर, तेल शोधले. चार-पाच महिन्यांपूर्वीच जगात तेलाचे भाव भडकले होते, त्यामुळे या बातमीचे मोल फार मोठे होते. 21 मे 1976 रोजी उत्पादन सुरू झाले. घरात एक रुपयाची नोट असेल तर उलटून पाहा, त्यावरचे चित्र याच ‘सागर सम्राट’चे आहे.

पुढे या समुद्रात एकामागून एक क्षेत्रे सापडत गेली. हिरा, पन्ना, नीलम, मुक्ता, रत्ना अशी रत्नांची नावे त्यांना दिली गेली. या सगळ्या रत्नांमध्ये एक नाव मात्र गावाचे आहे. 1976 मध्ये मुंबईपासून जवळजवळ 80 किलोमीटरवर वायूचा प्रचंड साठा सापडला. त्याचे नाव बसीन, म्हणजे आपली वसई. पोर्तुगीजांच्या तोंडी वसईचे रूप बदलले, त्यातून इंग्रजांनी बसीन केले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, तरी इंग्रजी कागदांवर बसीनच राहिले; 1802चा पेशव्यांचा तहही त्यांनी त्याच नावाने नोंदवला. किनाऱ्यावरून पुसले गेलेले हे नाव समुद्रात टिकले. नुसत्या साठ्यालाच नव्हे, ज्या चुनखडीत तो वायू आहे त्या थरालाही भूशास्त्रज्ञ बसीनच म्हणतात.

हा थर मी हातात घेतला आहे. विहीर खणताना पाइपातून दाट चिखल आत सोडतात. दगडाचा चुरा घेऊन तो वर येतो आणि हलत्या चाळणीवर पडतो. त्या चाळणीवरून ठरलेल्या वेळी मूठभर चुरा उचलून धुवायचा, पिशवीत भरायचा आणि खोली लिहायची, हे माझे काम. एका रात्री आमच्या भूशास्त्रज्ञाने मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लावले. पांढुरक्या कणांत नाण्यासारखी चपटी, आत वळ्यांवर वळी असलेली कवचे होती. साधारण चार कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार पाण्यात जगलेले ते जीव. त्यांच्या कवचांचा थर साचला, त्याची चुनखडी झाली आणि तिच्या छिद्रांत वायू भरून राहिला. त्याही खाली आहे तो आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. वडिलांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे दर्या तेव्हाही साठवतच होता.”

या वायूने काय केले? 1984 मध्ये गेल ही कंपनी निघाली आणि हजिराहून मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत वाहिनी टाकली गेली. 1988 पासून बसीनचा वायू समुद्राखालच्या नळाने हजिराला जाऊ लागला. त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा आणि जीवघेणा. हजिराला तो वेगळा काढतात आणि शुद्ध वायू पुढे पाठवतात. त्यापासून युरिया झाला, वीज झाली. उत्तरेतल्या कितीतरी शेतांतल्या गव्हाला वसईच्या नावाचा वायू मिळाला आहे.

याची किंमतही मोजली गेली. 27 जुलै 2005 रोजी, मुंबई पाण्यात बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, बोटे कापलेल्या आचाऱ्याला उपचारासाठी पोचवायला आलेले जहाज मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर आदळले. वायूची नळी फुटून आग लागली, दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला आणि 22 माणसे गेली. मी तेव्हा घरी होतो. गुडघाभर पाण्यातून शेजारच्या घरी जाऊन फोन लावत राहिलो. किंमत मच्छीमारही मोजतात. प्लॅटफॉर्मभोवतीच्या 500 मीटरांत होडी नेता येत नाही आणि मासे नेमके त्या खांबांपाशीच जमतात. पाचूबंदरच्या आणि किल्लाबंदरच्या कोळ्यांचे हे दुखणे खरे आहे, ते ऐकून घेतलेच पाहिजे.

आपल्या शाळांत वसईचा इतिहास 1739 वर येऊन थांबतो. किल्ल्याची सहल होते. समुद्राखालच्या वसईचा एकही धडा होत नाही. मुंबई हायचे साठे आता उतरणीला लागले आहेत, देश बहुतेक तेल बाहेरून आणतो आणि त्या पहिल्या पिढीतली माणसे एकेक करून जात आहेत. उमेळे, नायगाव, पापडी, अर्नाळा, कुठेही तुमच्या घरात कोणी समुद्रावर कामाला होते का, विचारा. असतील तर त्यांच्यापाशी बसा आणि ते सांगतील ते मराठीत लिहून ठेवा.