विजय हजारे यांची सर्वश्रेष्ठ खेळी कोणती? (थ्रेड)

१/ ‘विजय हजारे करंडक’ हे नाव दर हंगामात आपल्या कानांवर पडते. ज्यांच्या नावाने हा करंडक खेळला जातो, त्या सांगलीच्या विजय सॅम्युअल हजारे (१९१५-२००४) यांनी खेळलेल्या डावांपैकी सर्वांत मोठा कोणता, हा वाद मात्र आता फारसा कोणी घालत नाही. आज तो घालू या. ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतके आणि सरासरी ४७.६५, ही त्यांची शिदोरी.

२/ आधी मोजपट्टी ठरवू. वारज्याच्या मैदानावर टेनिस चेंडूने खेळणाऱ्या पोरांना विचारले, तर ‘ज्याच्या धावा जास्त तो मोठा’ असे उत्तर येते. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. समोर गोलंदाज कोण होते, दुसऱ्या टोकाला साथ किती होती आणि त्या क्षणी संघाचे काय पणाला लागले होते, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

३/ पहिला दावा आपल्या पुण्याचा. १९३९-४० च्या रणजी हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारे यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाने झळकावलेले हे पहिले त्रिशतक. नगरवाला यांच्यासह नवव्या गड्यासाठी २४५ धावांची भागीदारी झाली आणि त्याच हंगामात प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला.

४/ पुणेकर म्हणून हा डाव मला प्रिय आहे. तरीही मोजपट्टी लावली की तो मागे पडतो. नवव्या गड्यापर्यंत साथ देणारे सहकारी होते, मैदान घरचे होते आणि समोरचा मारा पुढे त्यांच्या वाट्याला आलेल्या माऱ्याच्या तोडीचा नव्हता. गंमत अशी, की ज्या बडोद्याला त्यांनी इतके झोडपले, त्याच बडोद्याकडून ते पुढे वर्षानुवर्षे खेळले.

५/ दुसरा दावा सर्वांत गाजलेला आहे. डिसेंबर १९४३, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत संपला, त्यांत हजारे यांच्या ५९. फॉलोऑननंतर रेस्टने ३८७ धावा केल्या, त्यांतील ३०९ एकट्या हजारे यांच्या!

६/ म्हणजे शंभरातील जवळजवळ ऐंशी धावा एका माणसाच्या. बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी झाली, तीत विवेक यांचा वाटा अवघा २१. तरीही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला. ‘एकाकी झुंज’ या शब्दप्रयोगाला याहून चपखल उदाहरण क्रिकेटमध्ये क्वचितच सापडेल.

७/ पण ते एकाकी का पडले? या स्पर्धेत संघ धर्मावर बेतलेले होते: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा ‘रेस्ट’. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते ‘उरलेल्यांत’. १९४० मध्येच गांधीजींनी अशा सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली होती. १९४६ नंतर ही स्पर्धा झाली नाही. त्या ३०९ धावांचे कौतुक करताना संघांतील ही विषमता कोणत्या रचनेतून आली, हेही वाचले पाहिजे.

८/ आता तिसरा दावा. जानेवारी १९४८, ॲडलेड. स्वतंत्र भारताचा हा पहिला परदेश दौरा. मर्चंट प्रकृतीमुळे आलेले नाहीत, फाळणीमुळे फझल महमूद पाकिस्तानकडे गेलेले. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला: ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. समोर लिंडवॉल आणि मिलर ही त्या काळातील सर्वांत भेदक जोडी.

९/ पहिल्या डावात भारताच्या ३८१ धावा. हजारे ११६ आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर १२३. पुन्हा फॉलोऑन. दुसऱ्या डावात मांकड आणि अमरनाथ शून्यावर परतले. लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले. संघातील सहा जणांना भोपळाही फोडता आला नाही आणि हजारे यांनी १४५ धावा केल्या! पुण्यात जन्मलेल्या हेमू अधिकारींच्या ५१ धावांचा काय तो आधार.

१०/ एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक झळकावणारे हजारे हे पहिले भारतीय ठरले. सामना एक डाव आणि १६ धावांनी गेला. २८ जानेवारीला कसोटी संपली आणि ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्या आघातापुढे क्रिकेटची बातमी कोणाच्या लक्षात राहणार? ब्रेबॉर्नवरचा पराक्रम मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला होता. ॲडलेडचा मात्र इथल्या रसिकांना केवळ वाचायला आणि ऐकायला मिळाला.

११/ चौथा दावा प्रतिस्पर्धी म्हणून बळकट आहे. फेब्रुवारी १९४९, पुन्हा ब्रेबॉर्न, समोर वेस्ट इंडिज. चौथ्या डावात ३६१ धावांचे लक्ष्य. हजारे यांच्या १२२ आणि रुसी मोदींच्या ८६ धावांमुळे भारत ८ बाद ३५५ पर्यंत पोहोचला आणि वेळ संपली. भारताचा पहिला कसोटी विजय सहा धावांनी हुकला.

१२/ पाचवा दावा शतकाचा नव्हे, अर्धशतकाचा. जून १९५२, लीड्स. हजारे आता कर्णधार. पहिल्या डावात ३ बाद ४२ असताना त्यांनी ८९ धावा करून विजय मांजरेकर (१३३) यांच्यासह २२२ धावा जोडल्या. दुसऱ्या डावात पदार्पण करणारे ट्रूमन आणि अनुभवी बेडसर यांनी पहिल्या १४ चेंडूंत भारताची अवस्था शून्यावर ४ बाद केली. फलकावरील ते शून्य आजही अंगावर येते. हजारे ५६, फडकर ६४, भागीदारी १०५, एकूण १६५.

१३/ आक्षेपही ऐकू या. ‘हजारे फार सावकाश खेळत, १९५१ मध्ये दिल्लीत नाबाद १६४ करूनही इंग्लंडविरुद्धची कसोटी अनिर्णित राहिली.’ आक्षेप अगदीच निराधार नाही. शिवाय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते, पण त्या विजयाचे शिल्पकार मांकड, रॉय आणि उम्रीगर. हजारे यांचे सर्वोत्तम डाव विजयात नव्हे, पडझडीतच घडले.

१४/ माझा कौल ॲडलेडला, त्यातही दुसऱ्या डावातील १४५ ला. ३०९ हा आकडा मोठा असला, तरी तो देशी गोलंदाजीविरुद्ध, घरच्या मैदानावर झाला. १९४९ च्या १२२ धावांच्या वेळी दुसऱ्या टोकाला आधार होता. ॲडलेडला सर्वोत्तम मारा, परका मुलूख, कोसळणारा संघ आणि पाचच महिन्यांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाची पत, हे सारे एकाच वेळी पणाला लागले होते.

१५/ एक डाव राखून झालेल्या पराभवाच्या धावपत्रिकेत १४५ हा आकडा नुसता पाहिला, तर त्याचे मोल कळत नाही. त्याच्या वरखालची सहा शून्ये मोजली की कळते. जुनी धावपत्रिका हाती आली, तर आधी निकाल झाका, समोरच्या संघाची नावे वाचा आणि मग धावा पाहा.

१६/ तुमचा कौल कोणत्या डावाला? ३१६, ३०९, १४५, १२२ की ५६? उत्तर कारणासह लिहा. नुसता आकडा ग्राह्य धरला जाणार नाही!